त्या उन्हाळ्यातला जांभळा

बारावीचा शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजू लागतो. पलीकडे बहुतेक आई असते. "मॅडम, आर्टच्या प्रवेशपरीक्षेची बॅच कधी सुरू होतेय? आमच्या हिला लहानपणापासून आवड आहे हो." आवड सगळ्यांनाच लहानपणापासून असते. मी तारीख सांगते, वेळ सांगते, सामानाची यादी पाठवते. ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, कार्ट्रिज कागद, पोस्टर कलरच्या बाटल्या, दोन गोल ब्रश, दोन चपटे, आणि पाण्यासाठी दोन डबे. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घालायचं. सव्वीस वर्षं झाली, दर वर्षी निम्मी मुलं एकच डबा आणतात.

यंदा पहिला फोन आला तेव्हा मी तो वाजू दिला. आमचे हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "उचल. नाहीतर शेजारचे येतील उचलायला." उचलला, तारीख सांगितली. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. थकवा कसला आहे ते नीट सांगता येत नाही. वय आहेच, एकसष्ट. पण मार्च संपत आला, दुपारचा रस्ता पांढरा दिसू लागला, की चार वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा माझ्या शेजारी येऊन बसतो आणि मग बॅच संपेपर्यंत काही उठत नाही.

सदाशिव पेठेत दातांच्या एका दवाखान्याच्या वर माझा वर्ग भरतो. लांबट खोली, उत्तरेला तीन खिडक्या. चित्रं काढायला उत्तरेचा उजेड बरा, त्यात ऊन शिरत नाही आणि दिवसभर तो फारसा बदलत नाही. त्या उजेडासाठीच मी ही खोली सोडली नाही, नाहीतर सोडण्यासारखं तिच्यात पुष्कळ आहे. वर गच्ची तापते. खालून दात कोरण्याचा आवाज येत राहतो, आणि पहिल्या आठवड्यात एखादं मूल तरी त्या आवाजाने आपलाच गाल धरतं. पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत सुकून त्याला भेगा पडतात. घामट मनगटाचे ठसे कागदावर उमटतात. दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्या खोलीला ओल्या पोस्टर कलरचा, डिंकासारखा एक आंबूस वास सुटतो. हा वास आला की मला उन्हाळा लागला असं वाटतं. आंब्याच्या वासाने वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी तीनच बाटल्या उघडायला लावते. लाल, पिवळा, निळा. चोवीस रंगांचा संच आणलेल्या मुलांची तोंडं उतरतात. "या तिघांना आईबाप नाहीत," मी सांगते, "बाकीचे सगळे यांच्या पोटचे." लाल-पिवळ्यातून नारिंगी, पिवळ्या-निळ्यातून हिरवा, निळ्या-लालमधून जांभळा. मग शेजारच्या दोघादोघांना एकत्र करत बारा रंगांचं चक्र पूर्ण करायचं. ऐकायला पाच मिनिटांचं काम, करायला दोन आठवडे लागतात. पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही, कारण निळा दांडगा असतो. थेंबभर निळा वाटीभर पिवळ्याचा हिरवा करतो, आणि थेंबभर पिवळ्याला निळा विचारतसुद्धा नाही. चक्रावर समोरासमोर बसणारे रंग एकमेकांचे विरोधी. ते शेजारी लावले तर दोघंही तरतरीत होतात, एकमेकांत मिसळले तर दोघंही मरतात आणि हाती राखाडी किंवा तपकिरी काहीतरी उरतं. आणि जांभळा म्हणजे सगळ्यांत अवघड. लाल जरा नारिंगीकडे झुकलेला असला की त्यात आधीच पिवळा लपलेला असतो, आणि पिवळा हा तर जांभळ्याचा विरोधी. झाला चिखल. म्हणून किरमिजी झाक असलेला क्रिमसन घ्यायचा, आणि अल्ट्रामरीन निळा. हे मी दहादा सांगते. मुलं तरी चुकतात, आणि चुकलेला जांभळा मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखते.

ओळखत असे, म्हणायला हवं.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी बैठकीच्या खोलीतले पांढरे पडदे तीनदा धुतले. पिवळे पडलेत म्हणून. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "पडद्यांनी काय गुन्हा केलाय?" मी म्हटलं, "पिवळे दिसत नाहीत तुम्हाला?" त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मला पडदे पांढरे दिसतात. तू दमलेली दिसतेस." आणखी एका सकाळी त्यांच्या मोज्यांची जोडी मी लावून ठेवली. ते बँकेत जाऊन आले आणि सोफ्यावर पाय लांब करून म्हणाले, "आज एक पाय काळ्याकडचा आणि एक निळ्याकडचा. मॅनेजर बघत होता, बोलला नाही बिचारा." मी हसले. मोजे दोन्ही काळेच आहेत, यांनाच म्हातारपण आलंय, असं मला मनापासून वाटलं.

दुकानातही तेच. ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं रंग घेते, तिथल्या मालकांना मी एकदा विचारलं, "अहो, हल्ली अल्ट्रामरीनच्या बाटलीत काय भरतात? दमच नाही निळ्यात." ते म्हणाले, "बाटली तीच, कंपनी तीच, दुकान तेच. उरलं काय ते आपण बघा." मला राग आला होता. पेठेतल्या दुकानदाराचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

एखादा माणूस बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगतो की डोळा फसवतो. मी मुलांना दर वर्षी एकच राखाडी चौकोन दोन ठिकाणी लावायला सांगते, एकदा पिवळ्यावर, एकदा निळ्यावर. पिवळ्यावरचा राखाडी जांभळट दिसतो, निळ्यावरचा नारिंगी दिसतो. "दोन्ही एकाच वाटीतले आहेत," मी म्हणते, "रंग कधी एकटा दिसत नाही. तो शेजाऱ्यावर असतो, उजेडावर असतो, बघणाऱ्यावर असतो." मुलं वहीत लिहून घेतात. बघणाऱ्यावर असतो, हे शेवटचं वाक्य मी किती वर्षं म्हणत आले, आणि बघणारी मी आहे हे काही मनात आलं नाही.

त्या बॅचला अकरा मुलं होती. त्यातली दहा आसपासची, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर. अकरावी दीपाली गावंडे. अमरावतीकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामाला लागले म्हणून कुटुंब वाघोलीला आलेलं. ती दोन बस बदलून यायची. बोर्डाला गव्हाच्या पोत्याचं प्लास्टिक शिवून पिशवी केलेली होती, तिच्या आईने. बस गर्दीची असली तर बोर्ड डोक्यावर धरून उभी राहते, असं तिने एकदा सांगितलं होतं. ती पहिल्या दिवशी दोन डबे घेऊन आली होती.

कमी बोलायची. बोलायची तेव्हा आधी मनात एकदा म्हणून बघायची आणि मग बोलायची, असं तिच्या ओठांवरून कळायचं. वर्गातली बाकीची मुलं अर्धं इंग्रजी बोलत. त्यांच्यात कर्वेनगरचा ओंकार सगळ्यांत पुढे. "मॅम, हा ऑरेंज जरा टोन डाउन करू का?" दीपाली प्रमाण मराठी बोलायचा प्रयत्न करायची, घाईत मात्र घरची बोली निसटायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची रंगचक्रं पूर्ण झाली. मी एकेकाला टेबलाशी बोलावून तपासत होते. पहिल्या सगळ्यांना मी एकच सांगितलं, "निळ्यात जोर नाही. जांभळा मळलाय. अजून निळा घाल." मुलांनी माना डोलावल्या. दीपालीचा कागद समोर आला.

"हे काय आहे?"

"जांभळा, मॅडम."

"हा तपकिरी आहे. लाल कोणता घेतलास?"

"क्रिमसन. आणि अल्ट्रामरीन. तुम्ही सांगितलं तसंच."

"मग पाणी मळकं होतं."

"नाही मॅडम. पाणी दोनदा बदललं मी."

मी कागद खिडकीपाशी नेला. उत्तरेचा स्वच्छ उजेड. मला मळकट, लालसर तपकिरी दिसला, सुकलेल्या रक्तासारखा. "इकडे ये. आता सांग."

ती आली. नीट बघितलं तिने, वाकून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मले तं जांभळाच दिसते."

दहा मुलं बघत होती. दिवसभरात मी दहाव्यांदा तीच चूक दाखवत होते, खाली ड्रिल चालू होतं, पाठ ओली झाली होती. मी म्हटलं, "वाघोलीत जांभळं तपकिरी येतात का गं?"

वर्ग हसला. ओंकार सगळ्यांत मोठ्याने. मीही जरा हसले असेन. आमच्या पेठेत असं बोलायची रीत आहे, समोरच्यानेही ते हसून घ्यायचं असतं. दीपालीने ते हसून घेतलं नाही. तिने कागद माझ्या हातातून घेतला, जागेवर गेली, आणि त्या जांभळ्याशेजारी मी लाल पेन्सिलीने लिहिलेलं वाचत बसली. "मळकट. पुन्हा करा."

दुसऱ्या दिवशी तिने नवीन चक्र आणलं. त्यातला जांभळा मला हवा होता तसा होता. "शाब्बास," मी म्हटलं, "बघ, जमलं की नाही?"

"हो मॅडम," ती म्हणाली.

त्यानंतर दीड महिना तिचं काही चुकलं नाही. कुणाचंच चुकलं नाही. थंड रंगांची निसर्गचित्रं झाली, वस्तुचित्रं झाली, पितळी तांब्याच्या सावल्या झाल्या. ओंकार तर मजेत म्हणायचा, "मॅमना ब्लू आवडतो, ब्लू द्या." मला वाटलं बॅच तयार झाली. मेअखेर परीक्षा झाली. अकरापैकी दोघांना प्रवेश मिळाला. एरवी सहा-सात जणांना तरी मिळतो. मी निकाल दोनदा वाचला आणि यांना म्हटलं, "हल्लीच्या मुलांची एकाग्रताच गेलीय." हे काही बोलले नाहीत. आता आठवलं की वाटतं, त्यांनी तेव्हा तरी काहीतरी टोचून बोलायला हवं होतं.

डोळ्यांचं कळलं ते वेगळ्याच कारणाने. जिन्याची शेवटची पायरी मला दिसली नाही आणि पाय मुरगळला. पायाला पट्टी बांधून झाल्यावर हे मला परस्पर डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. बराच वेळ यंत्रातून बघून म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला जुना आहे. आपण काय करता?"

"रंग शिकवते."

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "रंग पिवळट, तपकिरी दिसतात, निळा कळत नाही, असं कधीपासून होतंय?"

"मला तसं काहीच होत नाहीये," मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं. पिवळं हळूहळू होत गेलेलं पिवळं वाटत नाही. त्यालाच पांढरं म्हणायची सवय लागते. मग कधीतरी पडदे धुवायला काढायचे.

आधी उजवा डोळा केला. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा दिसली खोलीच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकची बादली. इतकी निळी की मला रडू आलं. नर्स म्हणाली, "डोळ्याला पाणी नका लावू हो आजी." घरी आल्यावर मी खुर्चीत बसून एकेक डोळा मिटून बघत राहिले. उजव्या डोळ्याने घर दुधातलं, डाव्याने चहातलं. पडदे शुभ्र होते. काळी म्हणून घेतलेली एक साडी गडद निळी निघाली, दोन वर्षं मी ती काळ्या पोलक्यावर नेसत होते आणि मला कोणी बोललं नव्हतं. मोज्यांचं यांनाच आठवलं. "आता पाय बघून घे," म्हणाले, पण नेहमीच्या सुरात नाही. चहा त्यांनी केला होता.

चार दिवसांनी मी वर्गावर गेले. खोलीत उन्हाळ्याचा वास तसाच कोंडलेला होता. मुलांचे कागद कपाटावर गठ्ठ्यात होते, तारखांसकट. तारीख घालायची सवय मीच त्यांना लावलेली. गठ्ठा जमिनीवर पसरला. एप्रिलचे कागद, मग मेचे. उजव्या डोळ्याने बघत गेले.

पहिली चक्रं चांगली होती. कच्ची, कुठे डाग, पण रंग बरोबर. त्यानंतर आठवड्यागणिक सगळी मुलं निळी पडत गेली होती. हिरवे निळे, सावल्या निळ्या, जांभळे तर इतके निळे की त्यांतला लाल शोधावा लागावा. तांब्याच्या सावलीतसुद्धा शाईसारखा निळा. दोनच मुलं सुटली होती. त्यातली एक पहिल्या चक्रानंतर आजारी पडून घरीच सराव करत होती, आणि दुसरा माझं कधीच ऐकत नसे. परीक्षकांना बाकी नऊ जणांचे ते गारठलेले, कर्कश कागद एकाच साच्यातले वाटले असतील. साचा माझ्या डोळ्यात होता.

मग दीपालीचं पहिलं चक्र हाती आलं. लाल पेन्सिलीतली माझी अक्षरं, आणि त्यांच्या शेजारी जांभळा. डावा डोळा मिटला. जांभळा जिवंत होता. ना निळ्याकडे कललेला, ना लालकडे. पहिल्या महिन्यातल्या मुलाकडून असा रंग मी क्वचित बघितला असेल. उजवा डोळा मिटला, डावा उघडला. सुकलेलं रक्त. माझ्या डोळ्यातलं भिंगच पिवळं झालं होतं, आणि पिवळ्याने सगळ्यांत आधी आपला विरोधी मारला होता. चक्रावरचा पहिलाच धडा. बावीस वर्षं शिकवलेला.

खाली दवाखान्यात कोणीतरी कण्हत होतं. मी जमिनीवरच बसून राहिले. उठायला कशाचा तरी आधार लागतो हल्ली, आणि हाताशी नुसते कागद होते.

मी त्या मुलांच्या घरी एकेक फोन केला. काय सांगायचं ते एका कागदावर लिहून घेतलं होतं, तरी दर वेळी वेगळंच बोलले. एक आई म्हणाली, "जाऊ द्या हो मॅडम, आमच्यानेच अभ्यास केला नाही." हे ऐकायला सगळ्यांत जड गेलं. ओंकार म्हणाला, "इट्स ओके मॅम, मी तसाही ॲनिमेशनला जाणार होतो," आणि मग, "पण मॅम, मला दिसत होतं. मला वाटलं तुमची स्टाइल आहे." एका वडिलांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता आम्ही काय करावं असं आपलं म्हणणं आहे?"

"काही नाही," मी म्हटलं, "तुम्हाला सांगणं माझं काम होतं."

"सांगितलंत. ठेवतो."

दीपालीला फोन केला नाही. तिच्याकडे जायचं ठरवलं. ती आज नागपुरात चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली, माझ्याकडे न येता, घरी सराव करून. पण मधलं एक वर्ष गेलं ते गेलंच. अठरा वर्षांच्या मुलीचं एक वर्ष आणि माझं एक वर्ष यांत किती फरक असतो, तो मला आता या वयात नीट कळतो.

वाघोलीला मी बसनेच गेले, तिच्यासारखे दोन बदल करून. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात तिचा तो कागद. दुपारची वेळ, नवे उंच टॉवर, मधे मोकळे प्लॉट, पाण्याचे टँकर, महाविद्यालयांचे फलक. घर एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वडील रात्रपाळी करून नुकतेच उठलेले. मला बघून घाईघाईने शर्टाची बटणं लावत म्हणाले, "या न मॅडम, बसा न. कायले तरास घेतला इतक्या लांब?" आईने आतून पाणी आणलं. दीपाली दारात उभी राहिली, बसली नाही.

मी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, कागदांचं. ते चक्र उघडून जमिनीवर ठेवलं आणि म्हटलं, "हा जांभळा बरोबर होता. वर्गातला सगळ्यांत चांगला होता. मी चुकले."

वडील लगेच म्हणाले, "डोयाचं दुखनं काय कोनाच्या हातचं असते काय, मॅडम? चुकते मानसाचं. आम्ही तिले कॉमर्सले टाकलं आता. मॅडमच्या हाताखालून जाऊन नाही जमलं, मंग काय जमन, असं वाटलं आमाले." ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते.

आई चहा ठेवायला आत गेली. दीपाली तशीच उभी होती. मग कागदाकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं बरोबर आहे ते. त्या दिवशी घरी येऊन मी दोन लावले, मॅडम. एक मला दिसतो तसा, एक तुम्हाला पाहिजे तसा. मग रोज दोन लावायची. एक माझा, एक तुमचा. नंतर वेळ पुरेना, म्हणून माझा लावणं बंद केलं. आता मिसळायला बसले की कळत नाही, खरा कोणता ते."

चहा आला. मी कप हातात धरून बसले.

"दुसरा डोळा अजून तसाच हाय?" तिने विचारलं.

"हो. पुढच्या आठवड्यात करणार आहेत."

"मग तुम्हाला तेव्हा कसं दिसत होतं ते आता दाखवता येईल?"

ती आत गेली आणि रंगांची पिशवी घेऊन आली. बाटल्यांची झाकणं चिकटली होती, वडिलांनी दात लावून उघडली. क्रिमसन सुकून खडा झाला होता, त्यात तिने पाणी सोडलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. उजवा डोळा झाकून मी तिचा जुना जांभळा बघायचा, मग डावा झाकून तिने कोऱ्या कागदावर लावलेला ठिपका बघायचा, आणि दोन्ही सारखे आहेत का ते सांगायचं. पहिला ठिपका लागला.

"नाही. यापेक्षा मेलेला."

तिने पिवळा घेतला. थोडासाच, ब्रशच्या टोकावर. "अजून?"

"अजून. आणि जरा गडद."

"काळा नाही घालणार," ती म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. लाल थोडा वाढवला, पुन्हा पिवळा, मग निळ्याचा एक थेंब. दुसरा, तिसरा, चौथा ठिपका. ती दर वेळी आधी मिसळलेल्या रंगाकडे डोळे बारीक करून बघायची आणि मगच ब्रश कागदाला लावायची. हात आता चाचरत नव्हता. वडील आणि आई दोघंही वाकून बघत होते. सातवा ठिपका तिने लावला आणि मी म्हटलं, "हाच."

"नक्की?"

"हाच. त्या दिवशी मला हाच दिसला होता."

तिने तो तपकिरी ठिपका कापून तिच्या जांभळ्याशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हींकडे बघितलं. "म्हणजे खरंच असं दिसायचं तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला मीच आवडत नाही."

"रंगाचं डोळ्यामुळे झालं," मी म्हटलं. "वर्गाला हसवलं ते डोळ्यामुळे नाही."

"हो," ती म्हणाली. "ते वेगळं." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

निघताना ती थांब्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यावर धूळ होती, टँकर उभे होते, ती ओढणी नाकाला लावून चालत होती. बस लांबून दिसली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पुढच्या आठवड्यात तो डोळा झाला की तुम्हाला तसं पुन्हा कधीच दिसणार नाही ना?"

"नाही."

"मग त्याच्याआधी सगळं बघून घ्या एकदा. नीट बघून घ्या."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बस सुटल्यावर मी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि बाहेर बघू लागले. टॉवर तपकिरी होते, आकाश फिकट चहाच्या रंगाचं. थांब्यावरच्या पोरींचे निळे गणवेश मळखाऊ राखाडी. एका बाईची जांभळी साडी, निदान मला ती जांभळी असावी असं वाटलं, विटेसारखी दिसली. वाईट दिसत नव्हतं काही. सगळं जुनं आणि ओळखीचं दिसत होतं, संध्याकाळ झाल्यासारखं, आणि बाहेर तर दुपारचे साडेतीन वाजले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "डोळ्यात कचरा गेला का हो?" मी नाही म्हटलं. पुणे येईपर्यंत हात काढला नाही.